पौलाची इस्त्री

स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या असा सरांचा मेसेज आला तेव्हा मी नाइट ड्युटीला होते आणि खरं सांगू का, आधी हसूच आलं. ज्या शाळेत मी दहावीला इंग्रजीत तीन वेळा गचके खाल्ले तिच्याच सुवर्णमहोत्सवात माझं मनोगत! पण सरांना नाही म्हणायची हिंमत तेव्हाही नव्हती, आताही नाही.

माझ्या वेळचे जे आहेत त्यांना आठवत असेल, आम्ही नवापूर तालुक्यातली पोरं घरी मावची बोलायचो, बाजारात गुजराती, एसटीत अहिराणी कानावर पडायची, आणि मराठी म्हणजे शाळेतली नाहीतर चर्चमधली. माझी तर आधी चर्चमधलीच. आजीला वाचता येत नव्हतं म्हणून रोज रात्री मी तिला पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवायचे, अर्थ निम्मा कळायचा नाही. मग सहावीत 'माझी शाळा' निबंधात मी लिहिलं, "खचित खचित मी तुम्हांस सांगते, माझी शाळा नदीच्या तीरी आहे." बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला, सगळे पोट धरून हसले, मी डोकं बाकावर टाकून रडले. दुसऱ्या दिवशी बाईंनाच वाईट वाटलं असावं, बालकवींची कविता शिकवताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, की हे आपल्या धरणगावचे, आणि नगरला रेव्हरंड टिळकांच्या घरी राहिले होते, ते टिळक ज्यांची भजनं तुम्ही रविवारी म्हणता. त्या दिवसापासून मी वर्गात जरा ताठ बसायला लागले.

दहावीचं वर्ष २००६. त्या फेब्रुवारीत देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू सापडला तो आमच्या नवापुरात, पेपरला, टीव्हीला आमच्या गावाचं नाव! लाखो कोंबड्या मारून पुरल्या. वडील पोल्ट्रीत कामाला होते, एका आठवड्यात काम गेलं आणि ते बारडोलीकडे ऊसतोडीला गेले. पुढच्या महिन्यात बोर्डाची परीक्षा. कोंबड्यांमुळे नापास झाले असं मी बरीच वर्षं सगळ्यांना सांगायचे, पण ते अर्धंच खरं. इंग्रजी मला येतच नव्हतं. बाकीचे विषय निघाले, इंग्रजीत २२.

मला नर्स व्हायचं होतं. चिंचपाड्याच्या दवाखान्यात आजीला ॲडमिट केलं होतं तेव्हा पांढऱ्या कपड्यातल्या सिस्टर रात्री कंदील नाही तर टॉर्च घेऊन फिरताना बघितल्या होत्या, तेव्हापासून ते डोक्यात. आणि नर्सिंगचं सगळं इंग्रजीत, म्हणजे हा विषय सोडून पळायला वाटच नाही.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी खिशात मावेल एवढा इंग्रजी नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, दिला. म्हणाले, फिलिप्पैकरांस पत्रापासून सुरू कर, चारच अध्याय आहेत, येशूचा प्रेषित पौल याने तुरुंगातून लिहिलंय, तुझं घर काही तुरुंग नाही. मी मराठी शास्त्र डावीकडे, इंग्रजी उजवीकडे ठेवून एकेक ओवी, म्हणजे वचन, लावत बसले. तिसऱ्या अध्यायात मराठीत पौल म्हणतो की मी अजून काही मिळवून बसलेलो नाही, मागचं विसरून पुढच्या खुणेकडे धावतोय, बक्षिसासाठी. इंग्रजीत तिथेच 'आय प्रेस टुवर्ड द मार्क'. आता प्रेस म्हणजे इस्त्री हे मला माहीत होतं, नवापूर स्टेशनजवळ दुकानावर पाटीच होती, आणि मार्क म्हणजे मार्क, ज्यांच्यापायी माझे हाल चाललेले. मला वाटलं पौलसुद्धा मार्कांच्याच मागे आहे, पण इस्त्री कशाला करतोय? वही घेऊन थेट इंग्रजीच्या सरांकडे गेले. सर धुळ्याकडचे, रंगात आले की अहिराणीत घुसायचे. चष्मा वर करून म्हणाले, "पौल काय इस्तरी करस का वं?" आणि इतके हसले की स्टाफरूममधले बाकीचे सर उठून आले. मग शांत झाल्यावर त्यांनी डिक्शनरी काढून प्रेसचे सगळे अर्थ दाखवले, दाबणे, रेटणे, जोर लावून पुढे जाणे. सर देवपूजा करणारे, गणपतीचे भक्त, पण त्यानंतर दर शनिवारी माझ्याकडून नव्या कराराच्या पाच ओव्या समजून घ्यायचे, म्हणजे मला समजावून द्यायचे. फी नाही, काही नाही.

तरी ऑक्टोबरला नापास. मार्च २००७ ला परत नापास, ३१. (तेव्हा पुरवणी परीक्षा ऑक्टोबरात असायची, लोक 'ऑक्टोबरची वारी' म्हणायचे. ख्रिस्ती असून मी वारी केली, तीही दोनदा.)

तिसऱ्या निकालानंतर मी चर्चला जाणं बंद केलं. मंडळीत साक्ष देताना लोक हा भाग एका वाक्यात उरकतात, "थोडी अडचण आली पण प्रभूने मार्ग काढला", की लगेच हालेलूया. माझी ती थोडी अडचण दीड महिना होती. प्रार्थना करायचा राग यायचा. मैत्रिणी अकरावी संपवून बारावीला चाललेल्या, आणि गल्लीत स्थळं सुचवणारे सुरू झालेले.

शेवटी आजीने हाताला धरून नेलं. त्या रविवारी लूकच्या शुभवर्तमानातला पेत्र कोळ्याचा उतारा होता, रात्रभर कष्ट करून एक मासा नाही, मग प्रभू सांगतो जाळी टाका. उपदेश मी ऐकलासुद्धा नाही. पण परत येताना काका, जे उकाईच्या धरणाच्या पाण्यात मासेमारी करतात, बिडी पेटवून म्हणाले, पाळकसाहेबांनी मेन गोष्ट सोडली. कुठली? तर म्हणाले, प्रभू आला तेव्हा ती माणसं काय करत होती, जाळी धूत होती. मासा नसला तरी जाळ्यात गाळ, काटक्या, शेवाळ येतंच, ते त्याच सकाळी धुतलं नाही तर दुसऱ्या रात्री जाळं पाण्यात नीट पडत नाही. रिकामं जाळं धुवायला लई जीवावर येतं गं, पण सगळे धुतात.

मी घरी जाऊन शास्त्र उघडून बघितलं. खरंच, पाचव्या अध्यायात दुसऱ्याच ओवीत आहे. मी तो उतारा आजीला कितीतरी वेळा वाचून दाखवला होता.

मग लोडशेडिंगच्या आधी, पहाटे चारला उठून मार्कचं शुभवर्तमान घेतलं (इथेही मार्कच!), सोळा अध्याय, रोज अर्धा पान, नवीन शब्द वहीत, आणि शनिवारी सर. प्रार्थना एकच, की उद्या उठव. कधी उठले नाही तेही सांगते. ऑक्टोबर २००७ ला इंग्रजीत ३९. आजी विचारत होती, किती पैकी? मी सांगितलंच नाही.

पुढचं फार नाही लिहीत. अकरावी, बारावी, २०१० ला जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या कोर्सला, नंबर लागला, पहिल्या वर्षी ॲनाटॉमीत अडकले आणि तेव्हा मात्र रडले नाही, वही धुवायला घेतली. नोकरी लागल्यावर सरांना भेटायला गेले तर त्यांनी दारातच विचारलं, "इस्तरी झाई का?"

तो नवा करार अजून पर्समध्ये आहे, कव्हर गेलंय, फिलिप्पैकरांस पत्राच्या पानावर हळदीचा डाग आहे. वॉर्डात दिवसभर इंजेक्शन देते, सुई काढली की कापूस ठेवते आणि पेशंटला म्हणते, दाबून धरा.