बारा टक्क्यांची आठ वर्षं

2003 च्या सिंहस्थात आण्णांनी सेकंडहँड इंडिका घेतली आणि नाशिकरोड स्टेशनबाहेर उभी केली. त्र्यंबकेश्वर, पंचवटी, शिर्डी, वणी. कुंभ संपला, पण गाडी थांबली नाही. आज आमच्या स्वतःच्या अकरा गाड्या आहेत, पिवळ्या पाटीच्या, आणि जवळपास तेवढ्याच अटॅच, म्हणजे दुसऱ्यांच्या, पण आमच्याकडे लावलेल्या. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत मंथलीला लावलेल्या गाड्या आणि शनिवार-रविवारची शिर्डी, यावर आमची आणि पंधरा-सोळा ड्रायव्हरांची घरं चालतात.

या बावीस वर्षांत कराचे नियम किती बदलले ते बिलबुकं काढली की दिसतं. सर्व्हिस टॅक्स असताना भाड्याच्या 40 टक्क्यांवरच कर होता, म्हणजे शेवटी दर 15 टक्के असूनही गिऱ्हाइकाला 6 टक्केच पडायचे. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि आम्हाला 5 टक्के लागला, पण खरेदीत भरलेल्या कराचं क्रेडिट नाही, म्हणजे तो आमच्या बिलावरच्या करातून वजा करता येत नव्हता. त्याच वर्षी ऑगस्टात दुसरी वाट मिळाली: 12 टक्के लावा आणि पूर्ण क्रेडिट घ्या.

आम्ही बारा घेतले. डिझेल-पेट्रोल जीएसटीत येतच नाही. आमच्या हाती लागणारं क्रेडिट टायर, सर्व्हिसिंग, इन्शुरन्स आणि मुख्य म्हणजे नव्या गाडीचं. त्या क्रेडिटवर आम्ही जुन्या गाड्या काढून नव्या घेऊ शकलो. कंपनीच्या साहेबांना पहाटे मुंबई विमानतळावर सोडणारी गाडी कसारा घाटात बंद पडून चालत नाही.

मधे आणखी एक सवलत आली होती. 23 ऑगस्ट 2019 ते 31 मार्च 2020 मध्ये घेऊन रस्त्यावर आणलेल्या भाड्याच्या गाडीवर नेहमीच्या 30 ऐवजी 45 टक्के घसारा, म्हणजे गाडीच्या झिजेपोटी नफ्यातून मिळणारी वजावट. आम्ही फेब्रुवारीत दोन गाड्या काढल्या. 31 मार्चपर्यंत वापराचे 180 दिवस भरत नसल्याने त्या वर्षी दर अर्धाच मिळणार होता, तरी हिशोब बसत होता. मार्चच्या शेवटी लॉकडाऊन लागला. हप्ते चालू राहिले, गाड्या शेडमध्ये. त्या दोन गाड्यांचा घसारा कागदावर पुढच्या वर्षांवर ढकलत गेलो, कारण वजा करायला नफाच नव्हता. ते वर्ष आठवलं की आजही छातीत धडधडतं.

मग 22 सप्टेंबर 2025. घटस्थापना. त्याच दिवसापासून जीएसटीतला 12 चा टप्पाच गेला. आता आम्हाला एकतर 5 टक्के, मोठ्या क्रेडिटशिवाय, किंवा 18 टक्के, पूर्ण क्रेडिटसह. त्या दिवशी शोरूमबाहेर हार घातलेल्या गाड्यांची रांग होती. छोट्या गाडीवरचा कर 28 वरून 18 वर आला होता, सेस, म्हणजे त्यावरचा जादा करही गेला होता. ओळखीचे फोन करून म्हणत होते, "तुमची तर चांदी झाली."

आमचा हिशोब वेगळा आहे. डिझायरसारखी गाडी करापूर्वी साडेसहा लाखांची धरा. पूर्वी तिच्यावर 28 टक्के, म्हणजे 1,82,000 भरले तरी ते क्रेडिटात परत मिळायचे, अंगावर फक्त 1 टक्का सेस: 6,500. आता 5 टक्क्यांत राहिलो तर 18 टक्के, म्हणजे 1,17,000, पूर्ण अंगावर. घरच्या माणसाला गाडी स्वस्त झाली आणि भाड्याने चालवणाऱ्याला ती 1,10,500 रुपयांनी महाग पडली. हे कुणाला समजावून सांगायला गेलो की समोरचा आधी हसतो, मग कागद मागतो.

18 लावायचे म्हटलं तर गिऱ्हाइक बसत नाही. सातपूरच्या एका कंपनीत महिन्याला साठ हजारांची गाडी आहे. कर 7,200 चा 10,800 होतो आणि त्याचं क्रेडिट त्यांना बहुतेक वेळा मिळत नाही. परचेसच्या साहेबांनी कोटेशन उलटं करून टेबलावर ठेवलं. म्हणाले, "शेठ, पाच टक्क्यांत बसवा, नाहीतर आम्हाला दुसरा व्हेंडर बघावा लागेल." आमची फर्म कंपनी नाही, मालकीची आहे, त्यामुळे 5 टक्क्यांत तो कर तेच भरतात, आमच्या बिलावर आता फक्त आरसीएमचा, म्हणजे कर गिऱ्हाइकाने थेट भरायचा, असा शिक्का. मी बसवलं.

12 टक्के सोडायला माझा विरोध नाही, टप्पे कमी झाले तर हिशोब सोपा होतो. पण वर्षभराचे करार मार्चमध्ये ठरतात आणि दर सप्टेंबरात बदलला. भाड्याने चालवायच्या गाडीच्या खरेदीचं क्रेडिट तेवढं 5 टक्क्यांतही द्यायला हवं होतं. गाडी हाच आमचा कारखाना आहे.

2027 च्या सिंहस्थासाठी पाच नव्या गाड्या घ्यायचं ठरवलं होतं. बँकेशी बोलून झालं होतं. सध्या दोन बुक केल्यात, दोन्ही सीएनजी. आण्णा रोज विचारतात, तिसरीचं काय झालं. तिचं कोटेशन माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.