तेरा नंबरचा रोलर

ड्रम थांबल्याचं चाचाला माझ्या आधी कळलं. त्याचा तळहात ड्रमच्या लाकडी कडेवर टेकलेला होता. विजेच्या लाइनीची तार ड्रमवरून सुटत ओढली जात असताना तो नेहमी असाच बसतो, एक हात ब्रेकच्या दांड्यावर आणि दुसरा ड्रमवर. मी चार पावलांवर उभा राहून रजिस्टरमध्ये वेळ लिहीत होतो. तो एकदम ओरडला, "साहब, ड्रम रुक गया! विंच बंद करवाओ!"

मी वॉकी-टॉकीवर "बंद, बंद, बंद" म्हटलं. आमच्या आणि विंचच्या, म्हणजे पलीकडून दोर ओढणाऱ्या यंत्राच्या, मधे टेकाड असल्यामुळे माझा आवाज थेट पोचत नव्हता. १२ नंबरच्या टॉवरवर बसलेला गडी ऐकायचा आणि पुढे सांगायचा. त्यात किती सेकंद गेले कोण जाणे. पंधरा असतील, वीस असतील. ड्रम थांबलेला आणि विंच चालू, अशा स्थितीत एवढा वेळ फार मोठा असतो. इकडून तार सुटत नाही आणि तिकडून दोर ओढला जातोय, म्हणजे मधे कुठंतरी ती अडकलेली आहे आणि सगळा ताण त्या एका जागी साठत चाललाय.

महिना जानेवारीचा. खटाव तालुका, वडूजच्या पुढचा भाग. १३२ केव्हीची नवी लाइन ओढायचं काम होतं आणि त्या गँगवर मी सुपरवायझर. ९ नंबरच्या टॉवरपाशी ड्रम, १५ नंबरपाशी विंच, मधे पाच टॉवर. एकूण अंतर १.८ किलोमीटर. तार पँथर. लाइनीतल्या माणसाला एवढं पुरे, इतरांसाठी सांगतो: मधे पोलादाच्या ७ तारा, त्यांच्याभोवती अॅल्युमिनियमच्या ३० तारांचा पीळ, जाडी २१ मिलिमीटर, वजन किलोमीटरला ९७४ किलो. म्हणजे ३०० मीटरच्या एका गाळ्यात जवळजवळ तीन क्विंटल वजन लोंबकळतं.

ओढताना हे वजन पेलतो तो रोलर. आमच्यात कुणी पुली म्हणतं, गावातले लोक कप्पी म्हणतात. इन्सुलेटरची माळ असते ना, तिच्या खालच्या टोकाला, जिथं शेवटी तारेचा क्लॅम्प बसणार असतो, तिथं काम चालू असेपर्यंत हा रोलर टांगायचा. अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं फूटभराहून मोठं चाक, आत बॉल बेअरिंग, खाचेला निओप्रीन रबराचं अस्तर, दोन्ही बाजूंना पोलादी पाती. एका बाजूची पट्टी पिन काढली की दारासारखी उघडते, कारण काम झाल्यावर तार बाहेर काढायची असते. अस्तर असतं ते अॅल्युमिनियम मऊ म्हणून. उघड्या लोखंडावरून घासत नेलं तर तारेवर ओरखडे पडतात, कंगोरे उठतात. १३२ केव्हीला त्या कंगोऱ्यांवर रात्रभर चरचर ऐकू येते, आणि जिथं खोल ओरखडा पडलाय तिथं वाऱ्याच्या थरथरीनं काही वर्षांनी एकेक तार तुटायला लागते. रोलर लाइनीवर राहतो फार तर चार-सहा दिवस. मग उतरवून पोत्यात भरतात आणि पुढच्या सेक्शनला नेतात. लाइन चार्ज झाल्यावर, म्हणजे तीत वीज सोडल्यावर, तिच्या नकाशात, कागदात त्याचा मागमूस नसतो. म्हणूनच असेल, पण आमच्याकडे त्याची आबाळ होते, आणि मला या गोष्टीचा मनापासून राग येतो.

चाचा मालदाचा. टॉवर लाइनीवर आमच्या राज्यात काम करणाऱ्या गँगमध्ये बंगालकडची माणसं खूप, त्यांतला हा जुना फोरमन. वर चढवण्याआधी प्रत्येक रोलर तो हाताशी धरून एक झटका देई आणि चाक किती वेळ फिरतंय ते बघत उभा राही. खरखर आली की रोलर बाजूला. शिवाय प्रत्येक चाकाच्या कडेला लाल रंगाचा एक ठिपका. जमिनीवरून चाक फिरतंय की तार नुसती घासत जातेय हे कळायला त्याहून सोपी युक्ती मी पाहिलेली नाही.

आता त्या सकाळचं. पायलट दोर, म्हणजे तारेच्या पुढं जाऊन तिला ओढणारा दोर, आधीच पाचही रोलरमधून ओवून झाला होता. त्याच्या टोकाला स्विव्हल, म्हणजे गरगर फिरणारी कडी, आणि स्विव्हलच्या मागे पँथरच्या टोकावर चढवलेला जाळीचा मोजा. पोलादी तारांनी विणलेला हा मोजा ओढला की आवळतो आणि तारेला धरून ठेवतो. त्याच्या शेपटाशी बाइंडिंग वायरचे दोन वेढे घालायचे, टोकं आत दाबायची आणि वरून टेपचे चार-पाच थर गुंडाळायचे, म्हणजे रोलरमधून जाताना काही अडकत नाही. त्या दिवशी टेपचं रीळ संपलं होतं. नवीन आणायला वडूजला माणूस पाठवला असता तर दीड तास गेला असता, आणि दुपारी वारा सुटायच्या आत एक फेज, म्हणजे लाइनीतली एक तार, ओढून घ्यायचा होता. हेल्परनं माझ्याकडे बघितलं. मी वेढे बोटानं चाचपले, घट्ट होते. म्हटलं, "चालेल."

चाचा तेव्हा ड्रमचे जॅक लावत होता. त्याला मी विचारलं नाही.

विंच थांबल्याचा निरोप आला, तसा मी मोटरसायकल काढली. बांधाबांधानं जाईल तिथवर नेली आणि पुढं पायी निघालो. १०, ११, १२, सगळं ठीक. टेकाड ओलांडून उतरलो आणि समोर १३ नंबर दिसला. इन्सुलेटरची माळ सरळ खाली लोंबायला हवी, ती विंचच्या दिशेला अशी कलली होती की पुढचा दोर आणि माळ जवळपास एका रेषेत आलेत असं वाटावं. माळ जिथं टांगलेली असते त्या टॉवरच्या आडव्या हाताचा, क्रॉस-आर्मचा, वरचा कोपरा कुरकुरत होता. आणि त्या क्रॉस-आर्मवर पोऱ्या बसला होता.

त्याला खाली उभं राहून बघायला ठेवलं होतं. दोर आणि तारेचा जोड रोलरपाशी आला की "हळू" म्हणायचं, पलीकडे गेला की "पास" म्हणायचं, एवढंच त्याचं काम. वय एकोणीस. त्याच्या वॉकी-टॉकीची बॅटरी गेली होती. जोड अडकलेला बघितला, हाक कुणाला जाईना, म्हणून गडबडीत तो काय झालंय ते बघायला वर चढला. बेल्ट लावला होता, तेवढं नशीब.

टॉवरच्या पायथ्याशी शाळूचं रान होतं. कणसं हुरड्यात आलेली. मधोमध माळा, आणि माळ्यावर गोफण घेऊन एक बाई पाखरं राखत बसलेली. मला बघून ती तिथूनच ओरडली, "आवं सायेब, मघापासनं वरडतीया म्या! त्यो प्वार बी वरडतूया. ती माळ बघा की, कशी कलंडलीया!"

मी म्हटलं, "मावशी, खाली उतरा आणि तिकडं बांधापलीकडं जाऊन बसा. तारेखाली थांबू नका."

ती काही न विचारता उतरली. गोफण मात्र हातातच होती.

विंचवर ताण दाखवणारा काटा महिनाभर बंद होता. मी दोनदा लेखी कळवलं होतं. ज्या ठेकेदाराकडे मी तेव्हा कामाला होतो, त्याचं उत्तर दोन्ही वेळा एकच, पुढच्या गाडीत पाठवतो. काटा चालू असता तर विंचवाल्याला दुसऱ्याच सेकंदाला कळलं असतं. त्यानं नंतर मला सांगितलं की इंजिनाचा आवाज दबला तेव्हा त्याला वाटलं, जोड रोलरवर चढतोय, म्हणून त्यानं थोडा जोर दिला.

तोवर चाचा मागून पोचला, धापा टाकत. त्यानं वर बघितलं आणि पहिली गोष्ट बोलला ती पोऱ्याबद्दल. दोर ढिला करायचा नाही. आधी पोरगा खाली. अडकलेलं टोक ढिलं होताना झटक्यानं सुटलं तर माळ मागं झेपावणार, आणि क्रॉस-आर्मवर माणूस असेल तर त्याचं काय होईल ते सांगायला नको. चाचा त्याच्याशी बंगालीत बोलत राहिला. अगदी हळू, घरातल्या लेकराशी बोलावं तसं. मला शब्द कळत नव्हते. पोऱ्यानं एक हुक सोडला, पुढच्या अँगलला लावला, मग दुसरा. क्रॉस-आर्मपासून टॉवरच्या अंगापर्यंत जेमतेम तीन मीटर अंतर, पण मला ते संपेचना. टॉवरच्या पायाच्या अँगलला त्याचा हात लागला तेव्हा चाचानं पहिल्यांदा श्वास सोडला. खाली आल्यावर पोऱ्या उकिडवा बसला आणि त्यानं हातमोजे काढले. दोन्ही तळहात पांढरे पडले होते.

मग विंच मागं सोडायला सांगितली. ब्रेकवर, इंच इंच. माळ हळूहळू सरळ होत आली. मधेच एकदा "टण्ण" असा आवाज आला आणि आम्ही सगळे जागच्या जागी थिजलो, पण तो फक्त बोल्टमधला दबलेला अँगल होता. तारेचा झोळ वाढून ती शाळूच्या तुऱ्यांना टेकली, तेव्हा मी थांबवलं.

वर दोन जुने गडी गेले. त्यांनी क्रॉस-आर्मला चेनपुली टांगली, रोलरच्या दोन्ही बाजूंना तारेला पट्टे घातले, वजन चेनपुलीवर घेतलं. रोलर रिकामा झाल्यावर पिन काढून दार उघडलं. मी दुर्बिणीतून बघत होतो. बाइंडिंग वायरचं एक टोक, पेरभर लांब, मोज्यातून बाहेर निघालेलं. रोलरच्या पातीत चाकाच्या आसाला कॉटर पिन असते, तिची एक टांग आतल्या बाजूला वळलेली होती. वायर त्या टांगेत जाऊन तिला वेढा मारून बसली होती. तेवढ्यानं मोजा तिरका झाला, खाचेतून निसटला आणि चाक आणि पाती यांच्या फटीत पाचरीसारखा ठोकला गेला. लाल ठिपका वरच्या बाजूला होता, तिथंच थांबलेला.

रोलर खाली आला तेव्हा चाचानं तो मांडीवर घेतला. निओप्रीनचं अस्तर वीतभर फाटून लोंबत होतं. आतली कॉटर पिन त्यानं बोटानं दाखवली आणि म्हणाला, हे मी बघायला हवं होतं. मी म्हटलं, टेप मी लावू दिली नाही. तो पुढं काही बोलला नाही, मीही नाही.

नुकसान किती? तारेच्या बाहेरच्या थरातल्या चार तारा कापल्यासारख्या झाल्या होत्या, पण त्या टोकाच्या पाच मीटरातच. तेवढा तुकडा कापून टाकला. मागची तार मी स्वतः बघितली. कॉटन वेस्टचा बोळा मुठीत धरून हात तारेवरून फिरवत चाललो; कुठं कंगोरा असेल तर धागे तिथं अडकतात. अडकले नाहीत. क्रॉस-आर्मच्या खालच्या अँगलला मात्र पोक आलं होतं. दोरी ताणून लावली तर मधे बोटभर फट. नुसतं बघणाऱ्याला ते दिसलंही नसतं. ठेकेदाराचा फोन आला, म्हणे, एवढ्यासाठी काम अडवू नका, वर लोड आला की सरळ होईल. मी रजिस्टरमध्ये सगळं लिहून ठेवलं होतं, टेपसकट, आणि लाइनीच्या मालकाकडच्या इंजिनियरला बोलावून घेतलं. त्यांनी दोरी लावून बघितली आणि अँगल बदलायला सांगितला. त्यात दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांची गँगची मजुरी ठेकेदारानं माझ्या नावावर धरली. ती मी भरली, वाद घातला नाही. पण काट्याबद्दलचं माझं पत्र मी तिसऱ्यांदा लिहिलं आणि या वेळी त्याची प्रत त्याच इंजिनियरला दिली. काटा दुसऱ्या दिवशी दुपारी आला.

त्या दोन दिवसांत चाचानं उरलेले चारही रोलर खाली घेतले. सगळ्या कॉटर पिना बाहेरच्या बाजूला वळवल्या, बेअरिंगला ग्रीस भरलं. पोऱ्या त्याच्या शेजारी बसून ठिपके नव्यानं रंगवत होता, या वेळी मोठे, रुपयाएवढे. फाटक्या अस्तराच्या रोलरवर चाचानं रंगानं फुली मारली आणि तो वेगळ्या पोत्यात टाकला.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ओढायला घेतली. मोज्याच्या शेपटावर टेपचे थर मी माझ्या हातानं चढवले. मग ड्रम चाचावर सोपवून मी १३ नंबरखाली जाऊन उभा राहिलो, पोऱ्याच्या शेजारी. त्याच्याकडे नवी बॅटरी होती आणि खिशात आणखी एक. पायलट दोर सरकत होता, वर लाल ठिपका गोल गोल फिरत होता. मावशी माळ्यावर नव्हती. तिला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, ती बांधापलीकडं बाभळीखाली बसून वर बघत होती. पाखरं शाळूत उतरली होती, त्यांच्याकडं तिचं लक्ष नव्हतं.

टेकाडावरून जोड येताना दिसला. पोऱ्या म्हणाला, "हळू." विंचचा आवाज उतरला. स्विव्हल रोलरच्या तोंडाशी आलं, माळ थोडी पुढं झुकली. मोजा खाचेत शिरला, "टक" असा बारीक आवाज झाला, ठिपका क्षणभर थबकल्यासारखा वाटला आणि पुन्हा फिरू लागला. मोज्यामागून पँथरची चकचकीत तार चाकावर आली.

"पास," पोऱ्या म्हणाला. मग वॉकी-टॉकी तोंडाशी धरून पुन्हा एकदा, मोठ्यानं, "तेरा नंबर पास."

बाभळीखालून हाक आली, "गेलं का?"

"गेलं, मावशी."

ती उठली, लुगड्याची धूळ झटकली, गोफणीत खडा घातला आणि पाखरांच्या दिशेनं भिरकावला.