रिकाम्या जागेतलं शून्य आणि रखडणारं टेबल

आमच्या विक्रीच्या डॅशबोर्डवर ग्राहक, वस्तू आणि महिना असं एक टेबल आहे, आणि त्याच्यावर फिल्टरांची भलीमोठी रांग. एक स्लायसर (पानावरचं फिल्टर निवडायचं खोकं) हलवला की टेबल रखडायचं. ‘डेटाच एवढा आहे, मोठा सर्व्हर घ्या’ असा सल्ला मिळत होता. मला तो पटेना, कारण त्याच पानावरचे आलेख त्याच डेटावर झटकन उघडत होते.

डॅशबोर्ड ज्यात बनवलाय त्या पॉवर बीआयमध्ये (मायक्रोसॉफ्टचं अहवालांचं सॉफ्टवेअर) परफॉर्मन्स अ‍ॅनालायझर चालू केला. प्रत्येक व्हिज्युअलचा (टेबल, आलेख अशा पानावरच्या घटकाचा) किती वेळ डॅक्स क्वेरीत, म्हणजे डॅक्स या सूत्रभाषेत डेटाला विचारलेल्या प्रश्नात गेला, किती चित्र काढण्यात आणि किती ‘अदर’मध्ये, हे तो दाखवतो. ‘अदर’चा आकडा मोठा दिसला तरी लगेच त्याच्या मागे लागू नये; बऱ्याचदा ते व्हिज्युअल नुसतं आपल्या पाळीची वाट पाहत असतं. इथे मात्र जवळपास सगळा वेळ क्वेरीच खात होती. ती उचलून डॅक्स स्टुडिओ या क्वेरी तपासायच्या साधनात टाकली, कॅश (आधीची साठवलेली उत्तरं) साफ केली आणि कुठल्या टप्प्याला किती वेळ लागतो ते दाखवणारं सर्व्हर टायमिंग्ज लावून चालवली. साठवलेला डेटा वाचणाऱ्या स्टोरेज इंजिनाचं काम चटकन उरकत होतं. अडत होतं ते सूत्रांचा हिशेब करणाऱ्या फॉर्म्युला इंजिनात, आणि ते एकाच थ्रेडवर चालतं, म्हणजे काम अनेक कोअरमध्ये वाटत नाही. म्हणजे सर्व्हरला आणखी कोअर देऊन फारसा फरक पडणार नव्हता.

मग मेझर, म्हणजे टेबलातला आकडा काढणारं सूत्र, उघडून पाहिलं. विक्रीची बेरीज, आणि शेवटी ‘+ 0’. कार्डवर (एकच आकडा दाखवणाऱ्या चौकटीत) रिकामी जागा दिसू नये म्हणून कधीतरी ते जोडलेलं. कार्डला त्याने काहीच होत नाही, टेबलचं मात्र कंबरडं मोडतं. एरवी ज्या जोडीला विक्रीच नाही तिथे मेझर रिकामं येतं आणि ती ओळ गळते. शून्य हे उत्तर आहे, त्यामुळे ओळ गळत नाही. समजा 4,000 ग्राहक, 600 वस्तू आणि 12 महिने आहेत: 2 कोटी 88 लाख जोड्या तयार होतात, प्रत्यक्षात व्यवहार झालेल्या जोड्या त्यातल्या मूठभर असल्या तरी! वर टेबलवर ‘विक्री शून्यापेक्षा जास्त’ असा फिल्टर. आधी एवढ्या ओळी मांडायच्या आणि मग त्या पुसायच्या, असं चाललं होतं.

टेबलसाठी शून्याशिवायचं मूळ मेझर ठेवलं, कार्डसाठी ‘+ 0’वालं वेगळं केलं आणि तो फिल्टर काढला. टेबल लगेच हलकं झालं. डॅशबोर्ड हळू असेल तर सगळ्यात आधी हेच तपासा, असं मी आता प्रत्येकाला आवर्जून सांगते.

दुसऱ्या एका मेझरमध्ये कॅल्क्युलेट या डॅक्स फंक्शनच्या आत संपूर्ण विक्री टेबलवर फिल्टर लावलेला होता, अट एकाच कॉलमची असताना. तिथे अट थेट त्या कॉलमवर टाकली. तारीख आणि वेळ एकत्र असलेला कॉलमही फोडून दोन केले. दिवसाचे 86,400 सेकंद वेगवेगळी मूल्यं म्हणून साठत होते, आणि अहवालात सेकंद कोणी बघतही नव्हतं. स्लायसरना ‘अप्लाय’ बटण दिलं, म्हणजे प्रत्येक टिचकीला क्वेरी सुटत नाही.

वेगवेगळे ग्राहक किती, हा कॉलम अजून जड आहे. त्याची एकूण संख्या ओळींच्या बेरजेतून निघत नाही, ती नव्यानेच मोजावी लागते. तो कॉलम ड्रिलथ्रूच्या, म्हणजे निवडलेल्या गोष्टीचा तपशील दाखवणाऱ्या वेगळ्या पानावर नेला. ज्याला हवा तो तिथे जाऊन बघतो.