कार्ड गेलं म्हणायच्या आधी

डिस्प्ले येत नाही म्हणून सीपीयू उचलून दुकानात नेला की बऱ्याच ठिकाणी उत्तर ठरलेलं असतं, साहेब ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवर चित्र पाठवणारा भाग) गेलं, नवीन टाका. असेलही गेलं. पण डिस्प्ले नेमका जातो कधी हे कोणी विचारतच नाही. चालू करताच अंधार, विंडोजचा लोगो येऊन गेल्यावर अंधार, की गेम लावल्यावर अंधार? तीन वेगळी दुखणी आहेत ही.

ऐरोलीला ताईकडे जुलैत पहिला प्रकार झाला. भाचा सुट्टीत गावाला, मग ॲडमिशनची धावपळ, पीसी बरेच दिवस बंदच, त्यात घर खाडीच्या बाजूला, पावसाळ्यात तिथे कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी येते. चालू केला तर पंखे फिरतायत, कीबोर्ड उजळतोय, मॉनिटरवर मात्र 'नो सिग्नल'. मदरबोर्डवर छोटे लाइट असतात, त्यातला व्हीजीएवाला पेटलेला, म्हणजे गाडी कार्डापाशीच अडलीय. भाचा म्हणाला, "मामा, मदरबोर्डच्या एचडीएमआयला पण लावून बघितलं, तिथेही काही नाही." तिथे येणारच नाही, कारण त्याचा प्रोसेसर आय-फाइव्ह १२४००एफ, आणि एफवाल्यांमध्ये इनबिल्ट ग्राफिक्सच नसतं.

मग प्लग काढला, पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरलं, स्लॉटच्या टोकाची खिट्टी दाबून कार्ड बाहेर. सोनेरी पट्टी मळकट झालेली. पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासली, कचरा झटकला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली (ताई आतून ओरडली, हॉस्पिटलचा वास कसला रे येतोय), पूर्ण वाळू दिलं, आणि खिट्टी टक् वाजेपर्यंत परत दाबून बसवलं. डिस्प्ले आला!

लोगोनंतर जात असेल तर आधी ड्रायव्हरवर, म्हणजे विंडोजला कार्ड चालवायला लागणाऱ्या सॉफ्टवेअरवर संशय घ्या, सेफ मोडमध्ये (विंडोज अगदी गरजेपुरतंच चालू होतं तो मोड) जाऊन डीडीयू या ड्रायव्हर काढायच्या सॉफ्टवेअरने जुना साफ करायचा आणि नवीन टाकायचा, झालं.

गेममध्ये जात असेल तर कार्डाचं टेंपरेचर बघा आणि एसएमपीएसकडे (पीसीला वीज पुरवणारा डबा) वळा, लोक कार्डावर तीस-चाळीस हजार घालतात आणि एसएमपीएस कॅबिनेटसोबत फुकट आलेला, मग काय होणार! स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, ८ पिनच्या एका कनेक्टरमधून १५०, बाकी एसएमपीएसच्या दमावर. कार्डाला असे दोन कनेक्टर लागत असतील तर एकाच वायरची दोन तोंडं लावू नका, दोन वेगळ्या वायरी घ्या.

स्क्रीनवर रंगीत चौकटी, रेघा दिसत असतील आणि ड्रायव्हर बदलूनही जात नसतील तर मात्र मेमरी किंवा चिपचं काम असू शकतं, ते घरी होत नाही. कार्ड ओव्हनमध्ये भाजायचे व्हिडिओ फिरतात त्यांच्या नादी लागू नका, चाललं तरी थोडे दिवस, आणि धूर विषारी. दुरुस्तीला मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात नेणार असाल तर निघण्याआधी सीरियल नंबर टाकून वॉरंटी शिल्लक आहे का बघा, कारण दुरुस्तीवाल्याने एकदा हीटसिंक उघडला की कंपनी हात वर करू शकते.