आमची वाटचाल : पहिला खंड कधी संपू द्यायचा नाही

भयकथा, डार्क फँटसी (म्हणजे भीषण, काळोख्या अद्भुतकथा) आणि विज्ञानकथा, या तीन प्रकारांतल्या कॉमिक मालिका आम्ही विकतो. दुसरं काही ठेवत नाही. पुण्यात सदाशिव पेठेत जिथे बाबांचं वाचनालय होतं, त्याच जागेत मी आणि माझी बहीण आज हे दुकान चालवतो.

आमच्या आवडीचं मूळ त्या वाचनालयातच आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांची पुस्तकं कपाटात फारशी दिसायचीच नाहीत. परत आली की संध्याकाळी पुन्हा बाहेर. इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक बाबांनी क्रमाने बांधून घेतले होते, वेताळ आणि जादूगार मँड्रेकचे. ती मालिका 1964 साली सुरू झाली आणि 1990 साली बंद पडली, पण आमच्याकडे तिचे वाचक त्यानंतरही कित्येक वर्षं येत राहिले. एखादा अंक हरवला की बाबा रद्दीवाल्यांच्या गठ्ठ्यांत तो शोधत बसायचे. मधला एक अंक नसला तर पुढचे सगळे अंक मेले, असं ते म्हणत. धंद्याचं एवढं एकच सूत्र आम्ही त्यांच्याकडून घेतलं, आणि ते आजवर पुरलं आहे.

2011 साली दिल्ली हाटमध्ये देशातलं पहिलं कॉमिक कॉन, म्हणजे कॉमिकवेड्यांचा मेळा, भरलं. बहीण खास त्यासाठी गेली होती. स्वतःच्या पगारातून कॉमिक घेणारी तरुण मंडळी तिने तिथे पाहिली, आणि इकडे वाचनालयाची वर्गणी देणारे तर कमी कमी होत चालले होते. पुढे वर्षभरात आम्ही जागेचा अर्धा भाग विक्रीसाठी मोकळा केला. बाबांनी त्याला एका शब्दाने विरोध केला नाही.

पहिली काही वर्षं आम्हाला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न किमतीचा नव्हता. ‘हे असलं मुलांनी वाचायचं का?’ हा होता. कोणा आईने काउंटरवर विचारलं, की मी तिला खुर्ची द्यायचे. कारण हा प्रश्न जुना आहे आणि त्याने या कलेचं रूपच बदलून टाकलेलं आहे. अमेरिकेत 1950 च्या सुमाराला ईसी कॉमिक्स या प्रकाशनसंस्थेने भयकथांचे आणि विज्ञानकथांचे अंक काढले. चित्रकार अव्वल होते, गोष्टींचे शेवट झोंबणारे होते. कॉमिक वाचून मुलं बिघडतात का, यावर 1954 साली तिथल्या सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःवरच कॉमिक्स कोड नावाची नियमावली लादून घेतली. नावात ‘हॉरर’ शब्द नको, पिशाच्चं नकोत, लांडगा होणारी माणसं नकोत, चालती प्रेतं नकोत. ईसीचे भयअंक त्यात बुडाले. त्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत लोखंडी दातांच्या पिशाच्चाला शोधायला शेकडो पोरं स्मशानात जमली. त्याचा ठपकाही अमेरिकन कॉमिकवरच आला, आणि 1955 साली ब्रिटनने मुलांसाठीच्या असल्या भयकॉमिकविरुद्ध कायदा केला. आपल्याकडे 1956 साली मुलांना अपायकारक छापील साहित्याविरुद्धचा ‘यंग पर्सन्स (हार्मफुल पब्लिकेशन्स) अ‍ॅक्ट’ आला. चित्रांतून सांगितलेल्या क्रूर, भीषण प्रसंगांच्या गोष्टी त्याच्या व्याख्येत आहेत. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने तो कायदा वाचलेला असावा, असं माझं ठाम मत आहे. आम्ही तो वाचला आणि मगच कपाटं लावली.

म्हणून आमच्याकडे प्रौढांच्या मालिका वरच्या दोन फळ्यांवर असतात आणि प्रत्येक मालिकेमागे आम्ही स्वतः लिहिलेली चिठ्ठी असते : यात रक्तपात किती, लैंगिक प्रसंग आहेत का, कोणत्या वयाला द्यावं. शाळकरी मुलगा एकटा आला आणि वरच्या फळीकडे बोट दाखवलं, तर आम्ही विकत नाही. घरच्यांना घेऊन ये म्हणतो. यात गिऱ्हाईक जातं. पण पुष्कळदा तोच मुलगा वडिलांना घेऊन येतो, आणि वडीलच खुर्चीत बसून वाचायला लागतात. भीती ही वाचकाने स्वतः निवडून घ्यायची गोष्ट आहे. ती कोणाच्या हातात नकळत पडू नये, एवढी काळजी विकणाऱ्याने घेतलीच पाहिजे.

आता मालिकेच्या हिशोबाविषयी. सुटं पुस्तक विकणं आणि मालिका विकणं यांत फार अंतर आहे. पहिला खंड दहा जण घेतात, तर दुसरा त्यांतले निम्मेही घेत नाहीत. जे पाचव्यापर्यंत येतात ते शेवटपर्यंत थांबतात. त्यामुळे वरवर पाहता पहिल्या खंडाच्या भरपूर प्रती आणि पुढच्यांची एकेक, असा माल भरणं शहाणपणाचं वाटतं. अडचण अशी, की परदेशी माल बहुधा परत जात नाही. घेतला तो तुमचा. आणि चौथा खंड वितरकाकडे संपलेला असेल तर पाचवा, सहावा, सातवा आपल्याच फळीवर धूळ खात बसतात. ‘द वॉकिंग डेड’ या चालत्या प्रेतांच्या अमेरिकन मालिकेचे 193 सुटे अंक 32 खंडांत एकत्र बांधलेले आहेत. त्यातला एक जरी तुटला तरी वाचक ऑनलाइन जातो आणि पुढचे सगळे खंड तिथेच घेतो. आम्ही म्हणून नव्या मालिका कमी घेतो, पण घेतलेली पूर्ण ठेवतो. पहिला खंड तर कधीच संपू देत नाही. त्याची शेवटची प्रत उरली की ती विकायच्या आधी मागणी गेलेली असते.

2019 सालच्या अर्थसंकल्पात आयात पुस्तकांवर 5 टक्के सीमाशुल्क बसलं. वर डॉलर चढत होता. पुढच्या वर्षी टाळेबंदी आली आणि अमेरिकेतल्या मोठ्या वितरकाने काही आठवडे नवा माल पाठवणंच थांबवलं. त्या काळात आम्हाला तारलं ते जुन्या वाचकांनी. अर्धवट राहिलेल्या मालिकांचे पुढचे खंड त्यांनी आगाऊ पैसे भरून मागवले. त्या मागण्या लिहिलेल्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत.

मे 2021 मध्ये ‘बर्सर्क’ या जपानी मालिकेचे कर्ते केंतारो मिउरा गेले. 1989 पासून चालू असलेली डार्क फँटसी, एकेका पानावर शेकडो बारीक रेघा, आणि गोष्ट अपुरी. दुकानात त्या आठवड्यात येणारी माणसं विकत घ्यायला आली नव्हती, बोलायला आली होती. पुढच्या वर्षी मिउरांचे मित्र कोउजी मोरी यांच्या देखरेखीखाली त्यांच्याच स्टुडिओतल्या सहकाऱ्यांनी काम पुढे नेलं. शेवट कुठे न्यायचा हे मिउरांनी मोरींना पूर्वीच सांगितलं होतं. त्या मालिकेची काळ्या बांधणीची मोठी आवृत्ती आज आमच्याकडे सर्वांत जास्त खपते. काळी बांधणी म्हणजे आमच्यासाठी जोखीमही. जरा घासलं तरी पांढरा चरा दिसतो, पावसाळ्यात बुरशी धरते. जून ते सप्टेंबर मागच्या खोलीत ओल शोषणारं यंत्र चालू असतं, आणि त्याचं वीजबिल आम्ही विनातक्रार भरतो.

इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मालिका विकल्यावर आता आम्ही स्वतःची मराठी मालिका काढत आहोत. कोकणातल्या एका बंद पडलेल्या बंदरावरची भयकथा, सहा अंकांची, कृष्णधवल. रंग परवडत नाहीत हे खरं. पण काळ्या शाईत भीती जास्त चांगली उतरते, असंही आम्हा दोघींना मनापासून वाटतं. आमचा चित्रकार सावंतवाडीचा आहे. तिथल्या पावसाचा अंधार त्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पहिला अंक केव्हाचा तयार आहे. गेल्या दिवाळीला काढा म्हणून पुष्कळांनी आग्रह केला. सहाही अंकांची पानं शाईत पूर्ण होऊन आमच्या कपाटात आल्याशिवाय छपाईला द्यायचं नाही, असं आम्ही ठरवलं आहे. सध्या चौथ्याचं काम चालू आहे. नावनोंदणी दुकानात वहीत घेतो, पैसे मात्र सहावा पुरा झाल्यावर.