टोकाचा पाऊस आणि पोटापाण्याचा प्रश्न

शनिवार, रात्री

कोल्हापूरकडची एक मुलगी भेटायला आली होती. एमएस्सी फिजिक्स झालंय, नेट दिलीय, निकालाची वाट बघतेय. चहा यायच्या आधीच तिने विचारून टाकलं, "ताई, अतिवृष्टी, उष्णतेच्या लाटा यावर पीएचडी केली तर पुढे पोट भरेल ना?" आडपडदा न ठेवता विचारलं ते बरं केलं. आमच्या वेळी हा प्रश्न मनात असूनही गाइडसमोर 'मान्सूनची लहानपणापासून आवड' वगैरे सांगायची पद्धत होती.

मी लगेच उत्तर दिलं नाही. लॅपटॉप तिच्याकडे सरकवला, हवामान खात्याची २००५ ची रोजच्या पावसाची फाइल उघडली (तिच्यात देशाच्या नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येकाचा सरासरी पाऊस दिलेला असतो) आणि म्हटलं, मुंबईची २६ जुलै शोध. तिने मुंबईचा चौकोन बरोबर काढला, तारीख लावली. हाती फारसं काही लागलं नाही. अक्षांश-रेखांश पुन्हा तपासले, तरी तेच. मग सांगितलं, अगं, आपल्याकडे पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, मागच्या चोवीस तासांचा. २६ च्या दुपारी कोसळलेलं पाणी २७ च्या नावावर चढलंय.

२७ वर आकडा मोठा दिसला, पण ९४४ नव्हे. सांताक्रूझच्या मापकात ९४४ मिलिमीटर आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७४. मधे लोकलचा जेमतेम पाऊण तास. अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाचा चौकोन म्हणजे बाजू साधारण २७ किलोमीटर, त्यात आजूबाजूचे मापक मिसळले की शिखर बुजतं. बरं, कुलाब्याला असा पाऊस होतच नाही म्हणावं तर ५ जुलै १९७४ ला तिथेच एका दिवसात ५७५.६ पडलेला आहे.

तिचा पुढचा प्रश्न अगदी बरोबर होता: मग ९४४ किती वर्षांतून एकदा येतो? सांताक्रूझचे दरवर्षीचे सर्वांत मोठे पाऊस घेऊन आलेख बसवला. एकदा ९४४ चा ठिपका धरून, एकदा वगळून. दोन्ही उत्तरांत जमीन-अस्मानाचं अंतर. ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. आमच्या विषयाची गोम हीच आहे. ज्याचा अभ्यास करायचा ते मुळातच क्वचित घडतं, आणि हवा तापत असल्याने जुनी वर्षं नव्याला जशीच्या तशी लागू पडत नाहीत. एक अंश तापमान वाढलं की हवेत सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. म्हणून माझं मत असं, की आधी संख्याशास्त्र पक्कं करावं. मशीन लर्निंगचे कोर्स आजकाल सगळेच करतात, पण गम्बेलचं वितरण (टोकाच्या घटना किती वर्षांतून येतील हे काढायचं जुनं सूत्र) फळ्यावर मांडायला सांगितलं की मुलं खिडकीबाहेर बघायला लागतात. (मुलाखतीला बसणारे काही जणही.)

प्रश्न मात्र भरपूर शिल्लक आहेत, आणि ते आपल्या दारातले आहेत. हवामानशास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कॉल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्यामागे अरबी समुद्राकडून उसळून येणारं बाष्प आहे. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर उष्माघाताने माणसं दगावली. त्याच महिन्यातल्या भारत-बांगलादेशातल्या दमट उष्म्याची वर्ल्ड वेदर ॲट्रिब्युशन या शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने तपासणी केली. तापमानवाढीमुळे अशा उष्म्याची शक्यता निदान ३० पटींनी वाढली, हे त्यांनी पुढच्याच महिन्यात सांगितलं. इतक्या झटपट काम करणारे हात आपल्याकडे किती?

मग आलो पैशांवर. नेट किंवा गेट असेल तर जेआरएफचे (संशोधन करणाऱ्यांच्या फेलोशिपचे) महिन्याला ३७,००० आणि घरभाडं. पुण्यात पाषाणची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, आयआयटी मुंबई, गांधीनगर ही नावं तिला ठाऊक होतीच. इटलीत ट्रिएस्टला आयसीटीपी ही भौतिकशास्त्राची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिथल्या उन्हाळी शाळांना फी नसते आणि आपल्यासारख्या देशांतल्या मुलांना प्रवासखर्चही मिळू शकतो, हे नव्हतं ठाऊक. येस नावाच्या तरुण संशोधकांच्या जाळ्यात नाव घालायलाही सांगितलं. ऑस्ट्रेलियाचं तिला फार वेड. तिथलं टोकाच्या हवामानाचं केंद्र पाच विद्यापीठांचं होतं, पण २०१७ ला सुरू होऊन २०२४ ला मुदत संपली. पुढचं केंद्र निघालं, पण नवं नाव, नवा विषय. म्हणजे तिकडेही कायमचं काही नसतंच.

इथे खरी चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. महसूल मंडळात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, पंचनामे त्यावर हलतात. एका मंडळातलं स्वयंचलित केंद्र मी पाहिलंय. मापकाच्या डोक्यावर कडुलिंबाची फांदी आलेली, नरसाळ्यात पाला आणि पक्ष्यांची घाण. तिथे ६२ नोंदले गेले तर शेतकऱ्याने कुणाकडे जायचं? तो आकडा शेजारच्या केंद्रांशी आणि रडारशी ताडून बघणारा माणूस प्रत्येक जिल्ह्याला हवा. नाल्याची रुंदी किती तासाच्या किती पावसाला पुरेल हे सांगणारा प्रत्येक पालिकेत हवा. कामाचा डोंगर आहे, पण पद मंजूर नाही. पीएचडीनंतर बहुतेकांच्या वाट्याला प्रोजेक्टवरची कंत्राटी नोकरी येते, दरवर्षी मुदतवाढीची वाट बघत. काही जण पुनर्विमा कंपन्यांत, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्यांकडे जातात. पगार चांगला, वाढत्या धोक्याचा हिशेब तोच, पण निष्कर्ष गिऱ्हाइकाच्या मालकीचा. त्यांना नावं ठेवायचा मला तरी हक्क वाटत नाही.

हे सगळं तिला सांगितलं, काही लपवलं नाही. ती नाउमेद झाली असं दिसलं नाही. उलट सांताक्रूझची फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि विचारलं, शेजारची ठाणी घेऊन तोच आलेख एकत्र बसवला तर उत्तर कमी डळमळेल का? डळमळेल कमी, पण कुठली ठाणी शेजारी धरायची यावर आठवडा जाईल, असं म्हटलं.

निघताना दारात परत थांबली. "फेलोशिप दर महिन्याला येते ना ताई?" दोन-तीन महिन्यांची एकदम येते कधीकधी, म्हटलं. पहिल्या भाड्याची आणि डिपॉझिटची सोय घरून करून ये.