कुलाब्याचं अफगाण चर्च आणि भिंतीवर नसलेली नावं

सॅसून डॉक मागे पडलं आणि बस नेव्हीनगरच्या वाटेला लागली की झाडांच्या वर एक दगडी मनोरा दिसू लागतो. उंची १९८ फूट. पूर्वी बंदरात शिरणारी जहाजं याच खुणेवर नजर ठेवून येत. अधिकृत नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट चर्च, पण कंडक्टरला ‘अफगाण चर्च’ असंच सांगा.

पहिलं अफगाण युद्ध (१८३८ ते १८४२) आणि सिंधची मोहीम यांत मेलेल्या सैनिकांसाठी हे चर्च बांधलं. पाया १८४७चा, १८५८च्या जानेवारीत प्रार्थना सुरू झाली, मनोरा पुरा व्हायला १८६५ उजाडलं. आराखडा हेन्री कॉनिबेअर यांचा. विहार तलावाची योजनाही त्यांचीच. आतल्या टोकदार कमानी, नक्षीच्या फरशा आणि विल्यम वेल्सच्या रंगीत काचा बघायला वेळ ठेवा.

मी मात्र थबकले ती वेदीजवळच्या भिंतींपाशी. तिथे कामी आलेल्या अधिकाऱ्यांची नावं कोरली आहेत. सोबतच्या लेखाचा आशय असा, की हे चर्च या अधिकाऱ्यांच्या आणि आजाराने किंवा तलवारीने मेलेल्या शिपायांच्याही स्मरणार्थ आहे. शिपाई इतके, की त्यांची नावं अशी नोंदवता आली नाहीत. मी ते वाक्य दोनदा वाचलं. मुंबई इलाख्याची फौज सिंधमधून, बोलन खिंडीतून कंदाहारला आणि पुढे गझनीला गेली होती. तिच्या देशी पलटणींत कोकणातली, देशावरची माणसं होती. समुद्रकाठच्या गावातून निघालेला एखादा शिपाई त्या उघड्या डोंगरात तापाने गेला असेल, तर त्याच्या घरी ते कधी, कुणी कळवलं असेल?

आणि बाजारबुणगे? १८४२च्या जानेवारीत काबूलहून माघारी निघालेल्या इंग्रजी तळात सैनिक साधारण साडेचार हजार आणि बाजारबुणगे सुमारे बारा हजार होते. पानिपतामुळे हा शब्द आपल्याला चांगला ठाऊक आहे. बर्फात, खिंडीत बहुतेक सगळे संपले. भिंतीवरची नावं वाचताना हा आकडा मनात असू द्या, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

जायचं तर चर्चगेट किंवा सीएसएमटीहून नेव्हीनगरकडे जाणारी बेस्ट पकडा, नाहीतर सरळ टॅक्सी करा. दार कधीकधी बंद असतं. मला आवारात चौकशी करून थोडं थांबावं लागलं. रविवारची प्रार्थना संपल्यावर गेलात तर आत जाणं सोपं पडेल. प्रार्थना चालू असेल तर मागे शांत बसा, फिरू नका. सकाळी उजेड पूर्वेच्या काचांतून वेदीवर येतो, म्हणून सकाळच बरी. पावसाळी दिवशी आत बराच अंधार असतो. वरचे लेख वाचायला छोटी दुर्बीण खरंच कामाला येते. फोटो विचारूनच काढा. चर्चच्या पुढे लष्करी हद्द लागते, तिथे कॅमेरा पिशवीतच ठेवा. आणि घाईत जाऊ नका, निदान तासभर तरी हाताशी ठेवा. मला त्यातली बरीच मिनिटं त्या एका वाक्यापुढेच लागली.